दहा मिनिटे पुढे

मी एक जुने, गजराचे घड्याळ आहे. थोरल्या मुलीचे लग्न झाले, त्या वर्षी मी या घरात आलो. वडील वेळेवर उठत नसत, म्हणून आईने मला कायम दहा मिनिटे पुढे ठेवले. घरात सर्वांना ते ठाऊक होते.

धाकटी मुलगी कचेरीत नोकरीला लागली आणि एका निवडणुकीत तिला मतदान केंद्राची प्रमुख नेमले. सकाळच्या घाईत तिने मला पिशवीत टाकले. मित्रांनो, माझी ऐट काय सांगू! मी चक्क मतपेटीशेजारी बसलो.

मतदान पाचला संपायचे होते. त्या वेळी जे रांगेत असतात, त्यांना चिठ्ठ्या देतात; चिठ्ठी असेल त्यालाच पाचनंतर मत देता येते. त्या शेपटाकडून वाटत येतात, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. माझ्यात पाच वाजताच आमच्या धाकटीने, म्हणजे केंद्राच्या बाईंनी, पहिली चिठ्ठी रांगेतल्या शेवटच्या म्हाताऱ्या सुईणीला दिली. तेवढ्यात वीटभट्टीवरच्या तिघी धावत आल्या. शिपाई आडवा झाला.

"वेळ संपली."

"कशी संपली? पाचचा भोंगा कुठं झालाय अजून?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. पहिलीच नेमणूक. चूक कबूल करावी तर नोकरीवर गदा, दडवावी तर तिघींची मते बुडणार. उमेदवारांचे प्रतिनिधी टक लावून बघत होते.

"चूक माझी आहे," बाई मोठ्याने म्हणाल्या. "हे आमच्या घरचं घड्याळ. आई ते दहा मिनिटं पुढे ठेवते, आणि मी विसरले. या गं तिघी, रांगेत उभ्या राहा."

सुईणीने चिठ्ठी परत दिली. "आई असावी तर अशी! सरकारलासुद्धा लवकर उठवते."

सारी रांग हसली. बाईंनी घडले ते केंद्राच्या सरकारी डायरीत लिहिले, प्रतिनिधींनी सह्या केल्या. भोंगा झाला, तेव्हा पहिली चिठ्ठी आता शेवटी उभ्या असलेल्या भट्टीवालीला मिळाली.

वरिष्ठांनी ती नोंद वाचली. बाई नोटिशीची वाट बघत बसल्या. आले ते इतर केंद्रप्रमुखांना शिकवायचे बोलावणे! पुढे पायरी पायरीने चढत त्या साऱ्या देशाच्या मुख्य निवडणूक आयुक्त झाल्या. मी त्यांच्या टेबलावर असे. नवे अधिकारी आले की त्या मला पुढे सरकवत आणि म्हणत, "चूक होतेच. ती लोकांसमोर दुरुस्त करायची."

आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे. मित्रांनो, घरातल्या जुन्या घड्याळाला किल्ली देत जा, आणि वेळही तपासत जा.

बाई मागच्या वर्षी, शाळांना सुट्टी लागली त्या दिवशी वारल्या. त्यांचे वय ब्याऐंशी होते.