लाल पट्टीवाली यादी

डायलिसिस केंद्रात कोणाची पाळी कधी, हे सांगणारं ॲप चालायचं दोन जागी. एका जागी खरे रुग्ण. दुसरी चाचणीची, तिथे खोटी नावं घालून नवे बदल तपासायचे. दोन्हीकडे प्रोग्रामचा कंटेनर तोच, सीलबंद डब्यासारखा. फरक फक्त सेटिंगच्या फाइलीत. ही दोन घरं सांभाळायची ताईने. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत, म्हणजे काम लादताना लाज वाटत नाही.

साहेबांनी कॉम्प्युटरचं वेगवान मशीन चाचणीला दिलं होतं, कारण गिऱ्हाइकाला तेच दाखवायचं. खऱ्याला उरलंसुरलं. खायचे दात किडले तरी चालतील, दाखवायचे चमकले पाहिजेत.

दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी चार वाजता चाचणीची यादी आपोआप पुसली जायची. पावणेचारला ताईने त्यात डोकावलं. 'रुग्ण एक, रुग्ण दोन'च्या खाली तिच्या बाबांचं नाव. शनिवार, सकाळी सात. खऱ्या यादीत शनिवार कोरा.

एक पाळी चुकली की बाबांना आडवं झोपता येत नाही. श्वास लागतो.

तिने केंद्रात फोन लावला. "सिस्टर, पाळ्या कुठे भरता?"

"तुमच्या साहेबांनी दाखवलं त्यात. जुनं उघडेपर्यंत माणूस उपाशी मरेल. सोमवारपासून नवंच वापरतोय."

"वर लाल पट्टीत लिहिलंय, ही यादी खरी नाही."

"ती होय? आम्हाला जाहिरात वाटली."

ताई साहेबांकडे गेली. "आजचं पुसणं थांबवते. त्यात बेचाळीस माणसं आहेत."

"चाचणीतली ना?"

"एक माझे बाबा आहेत."

"मग केंद्राला सांगा, खऱ्यात नाव घाला."

ताई जागेवर येऊन बसली. खोटी नावं उडवली, खऱ्या यादीतल्या जुन्या नोंदी वेगवान मशीनवर ओढून घेतल्या, सेटिंगच्या फाइलींची अदलाबदल केली. लाल पट्टी वेगवान घरातून उरल्यासुरल्या घरात गेली. चार वाजता तिथलं पुसणं ठरल्याप्रमाणे पार पडलं. नियम मोडला नाही.

शनिवारी दहा वाजता बाबा डायलिसिसच्या खाटेवर पडून घोरत होते. साहेबांचा फोन आला.

"गिऱ्हाईक समोर बसलंय. चाचणी उघडत नाही, अर्धा तास झाला!"

"उघडेल, साहेब," ताई म्हणाली. "सिस्टर इतके दिवस थांबायच्याच ना."