अंशाची जागा

शुभदाचं ॲप तयार होतं, फक्त अपूर्णांक नीट दिसेनात. उद्या ते बोरीच्या शाळेत मुलांना दाखवायचं होतं, आणि ॲपला नाव तिच्या नवऱ्याचं होतं: धम्मपाल सर. याच शाळेत ते गणित शिकवायचे. देवगाव फाट्यावरच्या अपघातात ते गेले, त्याला वर्ष होत आलं. शेवटचं तोंडसुद्धा तिला कुणी बघू दिलं नव्हतं. ते तिला अजून सलत होतं.

पडद्यावर सूत्र कसं एकदम, छापल्यासारखं उमटायला हवं. पण सकाळपासून भलतंच चाललं होतं. आधी नुसती आडवी रेघ यायची, उजवीकडे जराशी वर चढलेली. मग तिच्याखाली छेद. वरची अंशाची जागा रिकामीच. तिने कोड पुन्हा पुन्हा चाळला, पण तो काही ताकास तूर लागू देईना.

मग तिला आठवलं. जगाची तऱ्हा एक, सरांची दुसरी. सर फळ्यावर आधी रेघ ओढायचे, मग छेद लिहायचे आणि वर्गाकडे पाठ करून तसेच उभे राहायचे. अंश पोरांनी सांगायचा. उत्तर आल्याशिवाय गडी काही वळायचा नाही, तास संपला तरी.

घरात खडू नव्हता, तरी खडूचा वास येत होता.

सासूबाई, लक्ष्मीबाई, पाण्याचा तांब्या घेऊन समोरच्या दारात आल्या. "काय करायलीस गं? कवाची बसलीस."

"अडकलंय, आत्याबाई."

गणित सोपं होतं. अर्धा अधिक पाव. रेघेखाली चार आले होते, वर काहीच नाही. तीन म्हणायचं, की झालं. पण तीन म्हटलं की सर वळणार. ज्या तोंडासाठी ती वर्षभर झुरली, त्याच तोंडाची आता तिला भीती वाटत होती. फाट्यावर त्याचं काय झालं असेल? आणि आपण गप्प राहिलो, तर उद्या अख्खा वर्ग एका सुरात उत्तर देईल. मग सर पोरांसमोर वळतील.

त्यापेक्षा आपण बघितलेलं बरं.

"तीन," ती हळूच म्हणाली.

अंश उमटला, रेघेच्या बरोबर मधोमध. तिच्या पाठीमागे चप्पल फरशीवर घासल्याचा आवाज झाला. मागे बघायचा तिला धीर होईना, म्हणून तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्या तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या.

लक्ष्मीबाईंनी तांब्या तिकडेच पुढे केला.

"आगुदर हात धू, बाळा," त्या म्हणाल्या. "खडू लागलाय."