मागच्या चाकांतली हवा

गणपत परब आणि त्याची मुलगी अनुजा यांच्यात दोन महिने अबोला होता, आणि दोघंही दिवसभर एकाच गॅरेजात काम करत होती. डिलाईल रोडवरचा तो गाळा इतका चिंचोळा, की एक गाडी आत आली की दोन माणसांना एकमेकांना टाळणं मुश्कील. पण त्यांनी तेही जमवलं होतं. घरी त्याची बायको सुभद्रा मध्ये असायची. "तिला सांग, छत्री घेऊन जा," असे निरोप तिच्यामार्फत समोरासमोर बसून जायचे. गॅरेजात हे काम जुना मदतनीस रामजी करायचा. तो भाचीच्या लग्नाला देवगडला गेला आणि दोघांची पंचाईत झाली.

भांडणाचं कारण होतं शरच्चंद्र कर्णिकांची जुनी फियाट. दादरच्या कर्णिकांनी गेल्या पावसाळ्यात ती हिंदमात्याला तुंबलेल्या पाण्यातून काढली. मागच्या ड्रम ब्रेकमध्ये पाणी शिरलं आणि पुढच्या सिग्नलला गाडी थांबता थांबेना. कुणाला लागलं नाही, पण कर्णिकांच्या बायकोने, नलूताईंनी, त्या गाडीत पाऊल ठेवणं सोडलं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. मागेही डिस्क बसवू, ड्रमचे दिवस गेले, असं अनुजा कर्णिकांसमोरच बोलून गेली. ते ड्रम गणपत चाळीस वर्षं आपल्या हाताने जुळवत आला होता. त्याचं डोकंच फिरलं. "मग तूच कर," एवढं म्हणून त्याने तोंड मिटलं ते मिटलंच.

अनुजाही त्याचीच मुलगी. तिने चाकणच्या एका कंपनीत अर्ज केला, नोकरी मिळवली आणि सोमवारी रुजू व्हायचंय असं आईला सांगून टाकलं. आईने ते गणपतच्या कानावर घातलं. त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पोरगी गेली तर गॅरेजात जीव रमणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते तिला सांगायचं कसं, हे ठाऊक नव्हतं.

काम मात्र तिने देखणं केलं होतं. एक्सलला ब्रेक अडकवायच्या जाड पट्ट्या रे रोडच्या लेथवाल्याकडून करून आणल्या. भंगारात फिरून हँडब्रेक जोडता येईल असे कॅलिपर, म्हणजे तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळणारे चिमटे, शोधले. डिस्कच्या तबकड्या चढवल्या, कॅलिपर त्यांच्यावर बसवले, तेलाच्या नळ्या जोडल्या. शनिवारी उरलं फक्त नळ्यांतली हवा काढणं. हवा राहिली तर पेडल मऊ लागतं आणि ब्रेक धरत नाही. आणि हवा काढणं हे दोघांचं काम. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने खाली कॅलिपरचं निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, उघडून हवा सोडायची, आणि ते बंद होईपर्यंत पहिल्याने पाय उचलायचा नाही.

अनुजाने पेडलला एक दांडकं टेकवून पाहिलं. ते तीनदा निसटलं. शेवटी गणपत उठला आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसला.

"दाब," खालून आवाज आला.

दोन महिन्यांत तिने त्याला उद्देशून काढलेला पहिला शब्द. पण लगेच तोंड उघडेल तो गणपत कसला. पेडल धरल्याची खूण म्हणून त्याने दरवाजाच्या पत्र्यावर एकदा ठोकलं. "सोड," म्हटल्यावर पुन्हा ठोकलं. असं तासभर चाललं. तेलाने एक बाटली भरली, दुसरी भरत आली, तरी पेडल आपलं मऊच.

अनुजा पाना ठेवून बाहेरच्या नळावर गेली. गणपतने वाकून मागच्या चाकात टॉर्च मारला. एका नजरेत त्याला उमगलं. निपल कॅलिपरच्या खालच्या अंगाला होतं. तेल खालून वाहून जात होतं आणि हवा वर आरामात बसून होती. पोरीने डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला होता.

आता फक्त गप्प बसायचं होतं. संध्याकाळी कर्णिक गाडी न्यायला येतील, ड्रम परत चढतील, आणि बापाचं म्हणणं खरं ठरेल. क्षणभर त्याला मनातून गुदगुल्या झाल्या. मग त्याचं लक्ष नळाकडे गेलं. अनुजा जरा जास्तच वेळ तोंड धूत होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"अनू," तो म्हणाला, "हवा वर जाते गो. निपल खाली आलंय."

बाप बोलला हेच आधी तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग तिने जाऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. हँडब्रेकची जुनी केबल पोचत नव्हती, म्हणून आपण मुद्दाम अदलाबदल केली, असं तिने सांगितलं. त्या नादात निपल कुठे येतंय हे पाहायचं राहून गेलं. गणपतला हा वेंधळेपणा वाटला होता. तिने तर डोकं लावलं होतं.

"मग बरोबर केलंस," तो म्हणाला. "राहू दे तसंच. हवा काढण्यापुरता कॅलिपर सोडव आणि निपल वर करून धर. मध्ये तबकडीच्या जाडीची लाकडाची चीप घाल, नाहीतर पिस्टन बाहेर येईल."

"दाब."

या वेळी पत्रा वाजला नाही. "धरलंय," गणपत म्हणाला. बुडबुडे भसाभसा बाहेर आले. दोन्ही चाकं झाली तेव्हा पेडल पायाखाली घट्ट उभं राहिलं.

कॅलिपर जागच्या जागी आवळून दोघं करी रोडच्या पुलावर गाडी घेऊन गेली. अनुजा चालवत होती. उतारावर तिने ब्रेक मारला आणि गाडी सरळ रेषेत थांबली. तिने हँडब्रेक ओढून पाय काढला. गाडी जागची हलली नाही. गणपतच्या लक्षात आलं, की आपणही मघापासून समोरच्या पत्र्यावर पाय दाबून बसलोय. त्याने तो सावकाश उचलला.

"सोमवारी नको जाऊस," तो म्हणाला. "मला करमणार नाही."

अनुजा समोरच बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. "हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"बोलत कुठे होतो आपण?"

मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न मारायला सुरुवात केली होती. अनुजाने नाक पुसलं, हँडब्रेक सोडला आणि ती म्हणाली, की येत नाही असा चाकणला फोन करते, पण रामजीकाका आल्यावर निपल खाली आल्याचं एक अक्षर त्याला सांगायचं नाही.