माझ्या टिचक्या खऱ्या होत्या

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे आणि मला चोराचा साथीदार ठरवलं गेलं होतं. माझ्या पाठीचा रंग उडालाय, डावं बटण अडकतं, पण ही हकिगत सांगितल्याशिवाय मी कचऱ्यात जाणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. तिथे आम्ही हजारो एकसारखे होतो. बल्गेरियातल्या त्रोयान गावच्या दोच्काबाईंनी मला विकत घेतलं. तीस वर्षं त्यांनी गावच्या पोरींना नाच शिकवला. पुढे गुडघे गेले, नाच सुटला आणि बाई ऑनलाइन खेळाकडे वळल्या. किल्ला राखायचा, तटावरून बाण सोडायचे आणि समोर देशोदेशीचे खेळाडू. माझी एक टिचकी म्हणजे एक बाण. बाईंचा नेम असा, की त्यांच्या संघात घ्यावं म्हणून शेजारची गिन्का हातापाया पडली होती.

या खेळात लबाडही पुष्कळ. कुणी भिंतीपलीकडचं दाखवणारा प्रोग्राम लावी, कुणी आपोआप बाण सोडणारा. त्यांना पकडायला कंपनीने एक पहारेकरी प्रोग्राम बसवला, तेव्हा मला आनंदच झाला होता. पण एके दिवशी त्याने आमचीच मानगूट धरली. बाईंच्या टिचक्या फारच ठरावीक अंतराने पडतात, म्हणजे हात माणसाचा नाही, असं त्याचं म्हणणं. सगळ्या खेळाडूंना दिसेल असं, चीटरांच्या यादीत बाईंचं नाव लागलं.

"तरीच म्हटलं, या वयात हिचा इतका नेम कसा!" गिन्का कुंपणावरून ओरडली. सगळ्या गल्लीने ऐकलं आणि उघड्या खिडकीतून मीही ऐकलं. मला वायर असून जीभ नाही, याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

बाईंनी कंपनीला फोन लावला. तिथला वेलिन नावाचा तपासनीस म्हणाला, "काकू, कशाला डोक्याला ताप? दुसऱ्या नावाने खेळा. नवं खातं मी फुकट उघडून देतो."

"नाव चोर बदलतात, बाळा. मी का बदलू? थांब, मीच येते तिकडे."

पर्समध्ये चीज भरलेल्या बानित्साच्या, म्हणजे आमच्याकडच्या खुसखुशीत पोळीच्या पुडक्याशेजारी बसून मी प्लोवदिव शहरातल्या कंपनीच्या कचेरीत गेलो. अंगाला चीजचा वास लागला, पण तक्रार केली नाही. वेलिनने मला स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडलं. त्यात लबाडीचं काहीच नव्हतं. बाई खेळायला बसल्या आणि पाच मिनिटांत पहारेकरी पुन्हा बोंबलला: चीटर!

वेलिनने डोकं खाजवलं. "काकू, हे बघा, परत तेच..."

"मी काय बघू? तू बघ. आधी माझं बोट बघ, मग तुझा पाय बघ."

टेबलाखाली वेलिनचा पाय माझ्या टिचक्यांबरोबर ताल धरत होता. लहान, लहान, लांब. लहान, लहान, लांब. त्याच्या घरातलं एकही लग्न या तालाशिवाय पार पडलं नसणार.

"अहो, ही तर रचेनित्सा! आपल्या लग्नांतला नाच!" तो उडालाच.

"मग तुला काय, मशीन वाटलं? तीस वर्षं हाच ताल टाळ्या वाजवून शिकवलाय मी. पाय थकले, बोट नाही थकलं."

वेलिन ओशाळला. "आत्ता नाव काढून टाकतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कळायलाच हवं! चीटर म्हणून जिथे लावलंत ना, तिथेच आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिही, की चूक तुमची झाली."

त्याने लिहिलं. यापुढे माणसाने तपासल्याशिवाय कुणाचंही नाव यादीत लावायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

मित्रांनो, पहारेकऱ्यावर माझा राग नाही. लबाड होते म्हणून त्याला ठेवावं लागलं. राग आहे तो त्या लबाडांवर, कारण त्यांच्यापायी खऱ्या बोटावरचा विश्वास उडाला. बाईंनी आता नवा माऊस घेतलाय आणि मी खणात पडून असतो. त्याचं मला काही नाही. पण तुमच्या हाताखाली जो माऊस आहे, त्याला लबाडीला जुंपू नका. नेम चुकला तर खुशाल हरा. आम्ही कितीदा तरी हरलो, आणि प्रत्येक वेळी दोच्काबाई स्वतःच्या नावाने हरल्या.