माझ्या पंपाचा पडदा

मी बोलतेय, शेडमधली ती लाल गाडी. दोनच सीटा, लांबलचक बॉनेट, आणि आत बसायचं तर माणसाला जवळजवळ आडवंच व्हावं लागतं. मला घडवणारा कारखाना केव्हाच बंद पडला. माझे सुटे भाग बनवणारे हातही आता थकून घरी बसले असतील. हे सगळं मला कळतं हो. पण जीव आहे तोवर भूक लागणारच! माझी भूक पेट्रोलची, आणि टाकी भरलेली असूनही कितीतरी महिने त्याचा एक थेंब माझ्या घशाखाली उतरत नव्हता.

मला आणलं आप्पांनी. तेव्हा ते तरुण होते आणि मीही. घाटातल्या शर्यतीत आम्ही दोघं अशी वळणं घेत असू की बघणाऱ्यांच्या काळजाचं पाणी व्हावं. माझ्या स्टीअरिंगला आप्पांनी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. बायकोचा नाही, मुलाचा तर नाहीच. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते छाती फुगवून सांगत, "हिचा एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. सगळं मूळचं!"

हे खरं नव्हतं. एकदा भर घाटात माझा पेट्रोलचा पंप फुटला. मागून पाववाल्याचा टेम्पो आला. तो स्वतःच बंद पडून दोरीने ओढला जात होता. आप्पांनी पाववाल्याला गळ घालून टेम्पोचा पंप घेतला. भोकं जुळेनात, म्हणून तारेने आवळून कसंबसं घर गाठलं, आणि घरी आल्यावर मध्ये ॲल्युमिनियमची जाड पट्टी घालून तो माझ्या इंजिनाला पक्का केला. वर रंग मारला. झाकली मूठ सव्वा लाखाची! तेव्हापासून माझ्या पोटात टेम्पोचा पंप धडधडतोय, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. चांगला गुणी पंप आहे.

पुढे आप्पांचा गुडघा गेला आणि मी शेडमध्ये आले. उभ्या उभ्या पंपातला रबरी पडदा फाटला. हा पडदा हलला तरच टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतं. मुलाने एक हॉटेलवाला गाठला. तो मला आपल्या दारात ठेवणार होता. "इंजिन काढून टाकू आणि बॉनेटमध्ये फुलझाडं लावू," म्हणाला. माझ्या अंगावर काटा आला.

"द्या देऊन," आप्पा म्हणाले. "न चालणारी गाडी काय आणि न चालणारा माणूस काय, दोघांनी कुठेतरी कोपरा धरावा."

तेव्हा सूनबाई मध्ये पडल्या. त्या दातांच्या डॉक्टर. "आप्पा, हॉटेलवाला ट्रक आणेपर्यंत मला वेळ द्या. ही चालू झाली तर मला चालवायला शिकवायचं. कबूल?"

आप्पा नुसते हुं म्हणाले.

मग सुरू झाला माझा वनवास. सूनबाईंनी मेकॅनिकला बोलावलं. त्याला सगळे वस्ताद म्हणत. वस्तादने फोन लावला, पार्टवाल्याला माझं नाव आणि वर्ष सांगितलं. पडदा आला. वाटीवर बशी झाकावी तसा मोठा! परत पाठवला. दुसरा आला, तो भलताच लहान. पार्टवाला शपथेवर सांगे, "तुमच्याच गाडीचा आहे, सेम टू सेम!" अरे, गाडी माझी, पण पंप माझा नाही! ओरडून सांगावंसं वाटे. पण मला हॉर्न तेवढा, आणि बॅटरी उतरलेली.

मग एक जुना अख्खा पंप आला. त्याची भोकं पट्टीच्या भोकांशी जुळेनात. ती पट्टी रंगाखाली आणि मळाखाली अशी दडली होती की वस्तादला ती इंजिनाचाच भाग वाटली. "वर्ष वेगळं दिसतंय," डोकं खाजवत तो म्हणाला. आणखी एक पंप आला. तोही गेला.

शेवटी वस्तादने कंटाळून विजेवर चालणारा नवा पंप बसवला आणि आपली बॅटरी जोडली. बटण दाबताच मला एकदम ठसका लागला! एवढ्या जोराचं पेट्रोल माझ्या म्हाताऱ्या कार्बोरेटरला कसं झेपणार? ते वरून ओसंडलं, स्टार्टरच्या ठिणगीवर सांडलं आणि भक्कन जाळ झाला. वस्तादने वाळूची बादली ओतली म्हणून वाचले. डोळ्यांत, कानांत, सगळीकडे वाळू.

मुलगा धावत आला. "बस झालं! घर जाळायचंय का तुला?"

मुलाने हॉटेलवाल्याला फोन करून ट्रक मागवला.

ट्रक येईपर्यंत निदान वाळू तरी काढावी म्हणून सूनबाई दवाखान्यातला बारीक ब्रश घेऊन बसल्या. घासता घासता रंगाचा पापुद्रा निघाला आणि त्यांचा हात थबकला. त्यांनी नखाने चाचपलं. मग माझ्या पोटातून काढलेला जुना पंप उचलून आणला, उलटासुलटा करून पाहिला.

"आप्पा!" त्यांनी हाक मारली. "हा दात हिचा नाही. हा बसवलेला आहे."

आप्पा काठी टेकत दारात आले. मग उसळून म्हणाले, "मग काय करायचं होतं? घाटात संसार थाटायचा होता?"

"कुणाचा आहे?"

"पाववाल्याच्या टेम्पोचा," आप्पा पुटपुटले.

"अहो, दुसऱ्याची कवळी घातलीय, आणि आम्ही हिच्या नावाने दात मागतोय!" असं म्हणून त्या जी हसायला लागल्या, की आप्पांनाही राहवेना. वस्ताद तेवढा हसला नाही. फाटका पडदा हातात घेऊन तो तडक बाहेर पडला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून तसाच नवा घेऊन आला. असे टेम्पो अजून गल्लोगल्ली फिरतात म्हणे!

ट्रक आला तेव्हा मी खोकत, धूर सोडत, पण चालू उभी होते. हॉटेलवाला तोंड वाकडं करून गेला.

सूनबाईंनी आप्पांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्यांनी क्लचवर पाय ठेवला. दाबला. गुडघा साथ देईना, पेडल खाली जाईना. पुन्हा दाबला. मग आप्पा स्वतःच उतरले, माझ्या बॉनेटवर हात टेकत वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले, आणि आजवर कधी बसले नव्हते त्या सीटवर बसले.

"ये," ते म्हणाले. "आणि गिअरशी मारामारी करू नकोस. ती सांगते कधी बदलायचा ते."

पहिल्याच वळणावर मी दोनदा बंद पडले. आप्पा आरडाओरडा करत होते, सूनबाई उलट उत्तरं देत होत्या. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पण सुख माझ्या नशिबी सलग नाही. आता कार्बोरेटर गळतोय, पुन्हा शेडमध्ये उभी आहे, आणि फोनवर कुणीतरी मला न बघताच सांगतंय की भाग नक्की बसेल. बसेल कसला! तुमच्या दारातही माझ्यासारखी एखादी असेल, तर हात जोडून सांगते: तिला जे ठिगळ लावाल, ते पुढच्याला सांगून ठेवा. आम्हाला ठिगळाची लाज वाटत नाही हो. भरल्या टाकीने उपाशी उभं राहायचा मात्र फार संताप येतो.