कोण, पुन्हा, नळ आणि शेवटची

“आणि हिचं नाव काय?” बाहुल्या न्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, तसे लिफ्टकाका खिडकीबाहेर बघायला लागले.

“सांगा की बाबा, त्यात लाजायचं काय?” आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला.

“मेलो,” लिफ्टकाका म्हणाले.

बाई दचकल्या. “काय होतंय तुम्हाला? पाणी आणू?”

“मला काही होत नाहीये. तिचं नाव आहे ते. मेलो.”

बाईंच्या हातातली निळ्या झग्याची बाहुली भोळ्या चेहऱ्याने दोघांकडे बघत होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाईंना बाहुल्या जमवण्याचंच वेड होतं, पण असलं नाव त्यांच्या कानावर कधी आलं नव्हतं. लिफ्टकाकांच्या बायकोशी, काकूंशी, त्यांची ओळख जुन्या वस्तूंच्या दुकानातली. एकाच बाहुलीला दोघींचा हात लागायचा आणि मग “तुम्ही घ्या, तुम्ही घ्या” करत दोघी ताटकळायच्या. काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. आता लिफ्टकाका लेकीकडे राहायला निघाले होते आणि तिच्या दोन खोल्यांत हे काचेचं कपाट मावणार नव्हतं. बाई म्हणाल्या होत्या, मी नेते सगळ्या, पण नावांसकट.

“बिननावाची बाहुली आम्ही जमवणारे घरात आणत नाही,” त्यांनी मेलोला मऊ फडक्यात गुंडाळत सांगितलं. “कुणी कारखान्याच्या शिक्क्यावरून नाव ठेवतं, कुणी मावशी-आत्याचं देतं. माझ्या ओळखीचे एक दातांचे डॉक्टर आहेत, ते पेशंटची नावं ठेवतात. मी आपली आठवडाभर समोर ठेवते आणि चेहरा काय म्हणतो ते बघते. तुमच्याकडे काय रीत होती?”

रीत कसली, काकूंचा हट्ट होता तो. नवी बाहुली आणली की त्या तिला दाराजवळच्या स्टुलावर बसवायच्या. लिफ्टकाका कामावरून आले आणि बाहुलीवर नजर पडली, की त्यांच्या तोंडून जो पहिला शब्द निघेल ते तिचं नाव. मग त्यात बदल नाही. अपील नाही. लग्नानंतरच्या पहिल्या बाहुलीला बघून ते म्हणाले, “ही कोण?” तिचं नाव कोण पडलं. दुसरीला बघून म्हणाले, “पुन्हा?” ती पुन्हा झाली. मग भूक आली, किल्ली आली, कशाला आली. उचलली जीभ लावली टाळ्याला असा त्यांचा स्वभाव, आणि काकू तो स्वभाव ओळीने कपाटात मांडून ठेवायच्या. दिवे गेलेल्या एका संध्याकाळी अंधारात ते स्टुलाला अडखळले, तेव्हाची ही मेलो.

“म्हणजे ही सगळी तुमचीच वाक्यं,” बाई म्हणाल्या.

“आणि बहुतेक तक्रारीच,” लिफ्टकाका म्हणाले. “एकदा नवी बाहुली येणार हे आधीच कळलं, म्हणून मी ठरवून आलो होतो. म्हटलं, आज चांगलं नाव द्यायचं. कामावरून घरापर्यंत राजकन्या, राजकन्या घोकत आलो. दार उघडलं तर आत नळ धो धो वाहतोय. माझ्या तोंडून काय निघावं?”

“नळ,” बाईंनी वरच्या फळीवरची जरीच्या पोशाखातली दिमाखदार बाहुली उचलली. “ही का?”

“हीच. बिचारीचा सगळा थाट पाण्यात. बायकोला म्हटलं, एवढी चूक पोटात घाल, राजकन्या ठेव. तर म्हणाली, ठरवून आणलेलं नाव पाहुण्यासारखं असतं, आपोआप निघालेलं ते घरचं.”

बाई एकेक नाव स्वतःशी पुटपुटत बाहुल्या खोक्यात ठेवत होत्या आणि लिफ्टकाका कपाटाशी उभे राहून सांगत होते. जन्मभर लोकांना वर-खाली नेणाऱ्या यंत्रांना तेलपाणी केलेला हा माणूस स्वतः मात्र कायम तळमजल्यावर राहिला. हात कोपरापर्यंत काळे असायचे, म्हणून बाहुल्यांना शिवायची त्यांना बंदी होती. “आधी साबणाने हात धुवा, मग काय ते,” काकू म्हणायच्या. हात धुवेपर्यंत चहा पुढे यायचा आणि बाहुली तशीच राहायची. असं करता करता एवढी वर्षं निघून गेली आणि एकाही बाहुलीला त्यांनी कधी हातात घेतलं नाही.

फळीच्या कोपऱ्यात एक राखाडी कपड्यांची होती. “ही गप्प,” ते म्हणाले. “माझा कामावरचा जोडीदार शिडीवरून पडून गेला, त्या दिवशीची. मी आलो, हिच्याकडे बघितलं आणि झोपेपर्यंत एक शब्द बोललो नाही. बायकोही काही बोलली नाही. सकाळी बघतो तर ही कपाटात. मी विचारलं, नावाचं काय? म्हणाली, ठेवलंय.”

बाईंनी गप्पला दोन फडकी गुंडाळली.

“एक सांगू?” लिफ्टकाका म्हणाले. “तिची माझ्यावर एकच नाराजी होती. म्हणायची, माणसानं घरात आल्यावर ‘आलो’ म्हणावं. तुम्ही आपले भुतासारखे येऊन उभे राहता. मी म्हणायचो, अगं, दिसतोय की आलेला. जित्याची खोड, दुसरं काय.”

तेवढ्यात लेक एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन बाहेर आली. “बाबा, ही चादरींच्या मागे होती. अजून एक.” तिने झाकण उचललं. लिफ्टकाकांना केसांची एक बट दिसली मात्र, त्यांनी डोळे गच्च मिटले आणि तोंडावर हात दाबला.

“काय झालं? दुखतंय का कुठे?” लेक घाबरली.

त्यांनी नुसतीच मान हलवली. बाई मात्र पुढे झाल्या. “आधी झाकण लाव. त्यांनी अजून बघितली नाहीये ती.”

लेकीने झाकण लावलं. “मला आठवलं. शेवटच्या आजारपणात आईने माझ्याकडून मागवली होती. म्हणाली, बाबांचा मूड बरा असेल त्या दिवशी स्टुलावर ठेव. पण बाबा, तुम्ही तेव्हा औषधं घेऊन यायचात आणि दारातूनच सुरू व्हायचात. रांग, उकाडा, पाय. आई म्हणायची, आज नको. शेवटचीला रांग नाव नको गं पडायला.”

लिफ्टकाकांना हसू आलं आणि रडूही आलं, पण तोंड उघडायची त्यांची छाती होईना. काकू बरा दिवस शोधत राहिल्या आणि त्यांनी तो एकदाही दिला नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

“हिला मी आज नेत नाही,” बाई म्हणाल्या. “आणि नंतरही नेणार नाही.”

लिफ्टकाकांनी स्टुलाकडे बोट दाखवलं, चपला घातल्या आणि ते बाहेर पडले.

रस्त्याने ते मूग गिळून चालत होते. समोरच्या शिंप्याने हाक मारली, तर त्यालाही नुसता हात केला. मनातून एकसारखी नावं येत होती. लाडकी, सोनुली, चांदणी. सगळी छान आणि सगळी पाहुण्यासारखी. काकूंचं स्वतःचं नाव द्यावं, असंही एकदा वाटलं, पण तेही ठरवलेलंच झालं असतं. बागेतल्या बाकावर ते ऊन उतरेपर्यंत बसून राहिले. आपण दार उघडू आणि तोंडून ‘गुडघा’ निघेल, याची त्यांना खरोखर धास्ती वाटत होती. काकूंनी जपून ठेवलेली ही एकच गोष्ट आता त्यांच्या जिभेवर होती, आणि त्या जिभेचा त्यांना काडीचा भरवसा नव्हता.

शेवटी घरी तर जायलाच हवं होतं.

लेक बाईंबरोबर खोकी पोचवायला गेली होती. लिफ्टकाकांनी कुलूप काढून दार ढकललं आणि सवयीने ते उंबऱ्यात थांबले. लिफ्टच्या कामात आधी ऐकायचं आणि मग बघायचं, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी कान दिला. स्वयंपाकघरात भांडं वाजलं नाही. नळाचा आवाज नव्हता. “आलात का?” असं आतून कुणी विचारलं नाही. काचेचं कपाट वरपासून खालपर्यंत रिकामं होतं आणि दाराजवळच्या स्टुलावर साध्या सुती झग्यातली एक छोटी बाहुली मान किंचित कलती करून बसली होती.

“आलो,” लिफ्टकाका म्हणाले.

म्हणून झाल्यावरच त्यांना कळलं की आपण बोललो. मग चपला काढून ते मोरीवर गेले आणि निवृत्तीनंतर स्वच्छच असलेले हात त्यांनी साबण लावून कोपरापर्यंत धुतले. टॉवेलने नीट पुसले, बोटांच्या बेचक्यांसकट. मग त्यांनी तिला उचलून घेतलं.