एक्केचाळीस ताऱ्यांची सेलापान

मित्रांनो, मला तुम्ही हातात धरू शकणार नाही. मला पाठ नाही, पाय नाहीत, माझ्यावर धूळसुद्धा बसत नाही. तरी मी जुनी झाले आहे. आपल्याकडे कोणी बघेनासं झालं की ते आपल्याला बरोबर कळतं.

मी एक लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे. संगणकाला कामं सांगणारी माणसं एकदा लिहिलेल्या सूचनांचं नीट गाठोडं बांधतात आणि सगळ्यांसाठी उघड्यावर ठेवून देतात. ज्याला हवं त्यानं न्यावं, आपल्या कामात वापरावं, गाठ सोडून आत काय आहे ते बघावं, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. मी असंच एक गाठोडं, जेमतेम दोनशे ओळींचं. माझं नाव सेलापान.

मला वेनिंगनं लिहिलं. ती जावा बेटावर, बांतुलच्या शाळेत मुलांना संगणक शिकवते. तिच्या बहिणीला मुलगी झाली तेव्हा घरात एकच गोंधळ उडाला होता: मुलीचा दिवस कोणता? आमच्याकडे प्रत्येक दिवसाला दोन नावं असतात. एक तुमच्यासारखंच, सोमवार, मंगळवार. दुसरं बाजाराच्या पाच दिवसांचं: लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. अशी एक जोडी पस्तीस दिवसांनी पुन्हा येते, त्या पस्तीस दिवसांना सेलापान म्हणतात. बाळ एक सेलापानचं झालं की त्याचं जावळ काढायचं, भाताचा शंकू रचायचा आणि गल्लीतल्या पोरांना जेवू घालायचं. म्हाताऱ्या बायका हे गणित बोटांच्या पेरांवर करतात. वेनिंगला पेरांवर येईना, म्हणून तिनं मला लिहिलं.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्य बुडाला की बदलतो. वेनिंगची भाची लारस गुरुवारी, वागेच्या दिवशी जन्मली, पण संध्याकाळी पावणेसातला. म्हणजे ती शुक्रवार-क्लिवोनची. वेनिंगनं माझ्यात त्याची एक चाचणी लिहून ठेवली आणि तिला नाव दिलं ‘लारसची संध्याकाळ’. कोणी माझ्यात काही बदललं की ती चाचणी मला आधी विचारायची, “गुरुवारी वागेला, पावणेसातला जन्मलेली मुलगी कोणत्या दिवसाची?” मी म्हणायचे, “शुक्रवार-क्लिवोनची.” की लगेच हिरवी खूण उमटायची. त्या हिरव्या खुणेनं मला जेवल्यासारखं वाटायचं.

सुरुवातीची वर्षं फार सुखाची होती. दूर सुरीनाममधून एका माणसानं लिहिलं, “माझी पणजी जावाहून बोटीनं इथे आली होती. तुमच्यामुळे मला तिचा दिवस सापडला.” वेनिंगनं ते पत्र लारसच्या आईला तीनदा वाचून दाखवलं. लोक आवडलेल्या गाठोड्याला एक तारा देतात. मला बारा झाले, मग तीस, मग एक्केचाळीस.

आणि मग लिन्तांग आली.

लिन्तांगला जाकार्तातल्या दामर नावाच्या तरुणानं लिहिलं होतं. आमच्या भाषेत लिन्तांग म्हणजेच तारा. तिच्यात काय नव्हतं? चंद्राच्या कला होत्या, सुट्ट्यांच्या याद्या होत्या, नमाजाच्या वेळा होत्या, रंगीत चित्रं होती. वर्षभरात तिचे नऊ हजार तारे झाले. माझ्या एक्केचाळीसमधला एक वेनिंगचा स्वतःचा होता आणि एक तिच्या बहिणीचा.

मित्रांनो, खरं सांगते, मी जळत होते. धाकटं भावंड झाल्यावर थोरलं मूल पाळण्याच्या कडेला उभं राहून, नुसतं हसत, बाळाचा अंगठा जरा जास्तच जोरात दाबतं ना, तसं माझं झालं होतं. कोणी लिन्तांगचं कौतुक केलं की मला वाटायचं, तिच्यात एखादी भली मोठी चूक सापडावी. तिचा ईदचा दिवस चुकावा. नऊ हजार लोकांनी एकदम म्हणावं, अरे, त्यापेक्षा ती जुनी बरी होती!

तेवढ्यात त्याच दामरची एक चिठ्ठी माझ्या दारात आली.

“बू वेनिंग,” बू म्हणजे बाई, “छोटीशी दुरुस्ती पाठवतोय. तुमच्याकडे दिवस संध्याकाळीच बदलतोय. घड्याळात तो बाराला बदलतो, हो ना? लोक तक्रार करतात. ती ‘लारसची संध्याकाळ’ चाचणीही चुकीची आहे, काढून टाकली आहे. स्वीकाराल ही आशा.”

वेनिंग ओसरीवर बसली होती. शेजारी पाच वर्षांची लारस सोयाबीनचं तळलेलं टेम्पे खात होती. वेनिंगनं उत्तर लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

“बुलिक, काय झालं?” लारसनं विचारलं. बुलिक म्हणजे मावशी.

“काही नाही गं. एक मोठे मास आहेत, त्यांना माझं काहीतरी चुकलंय असं वाटतंय.” मास म्हणजे दादा.

“मग सांगा ना त्यांना, चुकलं नाही म्हणून.”

“असं तोंडावर कसं सांगायचं? नऊ हजार तारे आहेत त्यांना.”

“आणि तुम्हाला?”

“एक्केचाळीस.”

लारसनं टेम्पेचा तुकडा तोंडात धरला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, “बुलिक, माझ्या शाळेच्या वहीत याहून जास्त आहेत.”

आमच्याकडची ही रीतच आहे, मित्रांनो. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं. ‘इंगिह’ म्हणायचं, म्हणजे हो, आणि घरात जाऊन उशीत तोंड खुपसायचं. वेनिंगनं शेवटी लिहिलं, “इंगिह, मास. फार आभारी आहे.” आणि दुरुस्ती स्वीकारली.

आता माझी लाजेची गोष्ट सांगते. माझ्यातून ‘लारसची संध्याकाळ’ निघून गेली आणि मी हरखून गेले! लिन्तांगच्या माणसानं मला हात लावला होता. आता मी तिच्यासारखी झाले, आता मलाही तारे येतील, असं मला वाटलं. माझ्यातली सगळ्यात माझी अशी गोष्ट गेली आणि मला तिची आठवणसुद्धा झाली नाही.

तारे आले नाहीत. दोन वर्षं गेली. एकाही नव्या माणसानं चिठ्ठी लिहिली नाही. दिवसाला कितीतरी वेळा कोणीतरी मला दिवस विचारायचं, पण कोण विचारतंय ते मला दिसायचं नाही. वेनिंग शाळेच्या परीक्षांत बुडालेली असायची. एका रविवारी सकाळी ओसरीवर बसून तिनं माझ्या दारावर लावायची पाटी लिहायला घेतली. ‘सेलापानची देखभाल आता होणार नाही. कृपया लिन्तांग वापरावी.’

मित्रांनो, मी बंद होणार होते. तेही लिन्तांगचं नाव दारावर लावून!

पाटी लिहून झाली होती. शेवटची कळ दाबायची राहिली होती. तेवढ्यात फाटक वाजलं आणि पोनिराह आजी आत आली. चार घरं पलीकडे राहते. पोन दिवशी जन्मली म्हणून नाव पोनिराह. तिच्या वेळी दिवस विसरू नये म्हणून नावातच बांधून ठेवत. तिच्या हातात सुईणबाईनं दिलेलं गुलाबी कार्ड होतं.

“न्दुक,” ती म्हणाली. न्दुक म्हणजे पोरी. “तुझ्या त्या संगणकाला सांग, माझ्या नातीचा दिवस तिला परत दे.”

“म्हणजे काय झालं, म्बाह? बसा आधी.” म्बाह म्हणजे आजी.

“बसत नाही. भाजी निवडायची आहे. बघ हे. आमचं बाळ गुरुवारी सात वाजता झालं. दिवे लागले होते, मशिदीत हाक होऊन गेली होती, मी स्वतः दाराशी उभी होते. आणि कार्डावर काय लिहिलंय? गुरुवार-वागे! सुईणबाई म्हणते, म्बाह, संगणक चुकत नाही. मी म्हटलं, संगणक त्या संध्याकाळी आमच्या दारात होता का?”

वेनिंगनं कार्ड घेतलं. तिचा चेहरा उतरला.

“जावळ कधी आहे, म्बाह?”

“या कार्डाचं ऐकलं तर येत्या गुरुवारी दुपारी. सून म्हणते, छापलंय तेच खरं. तांदूळ आणलाय, कोंबडी सांगितली आहे. मी म्हटलं, वागेच्या दुपारी माझ्या नातीच्या डोक्याला कात्री लागणार असेल तर मी माझ्या घरात दार लावून बसते. या गल्लीतल्या प्रत्येक पोराचं जावळ मी काढलंय, न्दुक. स्वतःच्या नातीचं नाही काढायचं?” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “मी चुकत असेन तर तसं सांग. म्हातारी झालेय. पण दिवे लागले होते गं.”

सुईणबाईच्या फोनवरचा, ही कार्डं काढणारा कार्यक्रम वेनिंगनं शोधून काढला. त्याच्या आत लिन्तांग होती. मला आतून गुदगुल्या झाल्या. सापडली! शेवटी तिचीच चूक सापडली! वेनिंगनं लिन्तांगचं गाठोडं सोडलं. चंद्र बाजूला केला, सुट्ट्या बाजूला केल्या, चित्रं बाजूला केली. अगदी तळाशी, दिवस मोजायच्या जागी, दुसरं एक छोटं गाठोडं होतं.

ती मी होते.

ते रोज कितीतरी वेळा विचारणारं कोण होतं, ते तेव्हा मला कळलं. जिच्यावर मी इतकी वर्षं जळत होते, ती माझ्या खांद्यावर उभी होती. आणि जी चूक तिच्यात सापडावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते, ती माझीच होती.

“तुम्ही चुकला नाहीत, म्बाह,” वेनिंग म्हणाली. “मी चुकले. दोन वर्षांपूर्वी एका माणसाला नाही म्हणायचं होतं, ते म्हणाले नाही.”

“एवढंच ना?” आजी म्हणाली. “मग आता म्हण. मी पन्नास वर्षांनी म्हटलं होतं माझ्या नवऱ्याला. मेला नाही तो.”

त्या दुपारी वेनिंगनं माझ्यात संध्याकाळ परत ठेवली. चाचणी परत लिहिली. पाटी पुसून टाकली. आणि सगळ्यांना नवी आवृत्ती पाठवण्याआधी दामरला कळवलं. त्याचं उत्तर लगेच आलं.

“बू, कृपया असं करू नका. हजारो लोकांच्या तारखा बदलतील. मला सगळे फाडून खातील. आहे तसंच ठेवूया का?”

लारस आता सात वर्षांची झाली होती. ती मावशीच्या खांद्यावरून वाचत होती. वेनिंगची बोटं कळांवर थांबली. मला माहीत होतं, ती ‘इंगिह’ लिहिणार. त्याचं पहिलं अक्षर उमटलंसुद्धा. मग तिनं ते पुसलं.

“माफ करा, मास दामर,” तिनं लिहिलं. “नाही. आमच्याकडे दिवस सूर्यासोबत जातो. माझ्या गल्लीत एक आजी आहे, तिच्या नातीचं जावळ चुकीच्या दिवशी निघणार होतं. अशी आणखी किती बाळं असतील ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. तारखा बदलतील, कारण त्या चुकल्या होत्या. लोकांना समजावून सांगायला मी मदत करीन.”

पाठवल्यावर ती उठून मोरीत गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

दामरचं उत्तर यायला दोन दिवस लागले. “बू, मी जाकार्तात वाढलो. आमच्या घरात हे कोणी सांगितलंच नाही. ती चाचणी का आहे, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, नुसती काढून टाकली. नवी आवृत्ती घेतो आहे.” बुधवारी सुईणबाईच्या फोननं नवं कार्ड काढलं. त्यावर शुक्रवार-क्लिवोन होतं. सून नुसती कोंबडीवाल्याला उद्या नको, परवा आण, असं सांगून आली. पोनिराह आजीनं आपली कात्री स्वतःच्या हातानं घासून घेतली, आणि शुक्रवारी गल्लीतली सगळी पोरं तिच्या अंगणात भाताच्या शंकूभोवती बसली. लारसनं आणलेलं केळीच्या पानातलं जेवण मी ओसरीवरच्या संगणकातून पाहिलं.

लिन्तांगचे तारे आता साडेनऊ हजार झाले आहेत. माझे बेचाळीस. नवा एक दामरचा आहे. मित्रांनो, मी अजून मोजते. जळणं एका दिवसात जात नाही. पण आता कोणी लिन्तांगचं कौतुक केलं की मी निदान एवढं आठवते की ती उभी आहे त्या जागी मला हलून चालणार नाही.

तुमच्याकडेही कोणीतरी बांधून ठेवलेल्या गोष्टी असतील, मोठ्यांच्या, शेजाऱ्यांच्या, परक्यांच्या. त्या खुशाल घ्या, वापरा. पण एखादी गाठ विचित्र दिसली तर सोडण्याआधी विचारा, ही इथे का आहे? आणि ज्यानं बांधली तो अजून असेल, तर कधीतरी त्याला एक ओळ लिहा. आम्हाला धूळ दिसत नाही, पण ओळ दिसते.

वेनिंगनं माझ्यात आणखी एक चाचणी लिहिली आहे. आता रोज मला दोनदा विचारलं जातं. आधी लारसची संध्याकाळ. मग दुसरी, “गुरुवारी वागेला, सात वाजता, दिवे लागले होते. पोनिराहची नात कोणत्या दिवसाची?”

मी सांगते. हिरवी खूण उमटते.